डिजिटल क्राउन: स्कॅनपासून सिमेंटपर्यंतचे सगळे टप्पे

डिजिटल पद्धतीने केलेला क्राउन (घासलेल्या दातावर बसवायची टोपी) दाढेवर नीट बसला नाही की संशय आधी मिलिंग मशीनवर (क्राउन कोरणाऱ्या यंत्रावर) किंवा लॅबवर जातो. प्रत्यक्षात बिघाड बहुतेकदा त्याच्या बराच आधी होऊन गेलेला असतो. मार्जिनवर (दाताचा घासलेला भाग जिथे संपतो त्या कडेवर) रक्त होते, हिरडी पुरेशी बाजूला गेली नव्हती, किंवा दात घासताना कडा इतक्या धारदार राहिल्या की क्राउनच्या आतून त्यांचा आकार कुठलाच बर (मशीनचे फिरते कोरणारे हत्यार) कोरू शकत नाही. सिलिकॉनचे माप निदान हिरडीखाली दाबले जायचे आणि डोळ्यांना न दिसणारे मार्जिनही कधीकधी टिपायचे. स्कॅनरला ती सोय नाही. तो प्रकाशावर चालतो, त्यामुळे कॅमेऱ्याला जे दिसले नाही ते फाइलमध्ये येत नाही. पुढचे सॉफ्टवेअर, मशीन आणि भट्टी मिळालेली फाइल जशीच्या तशी पुढे नेतात, चूकही. म्हणूनच या लेखात यंत्रांच्या गुणवर्णनापेक्षा यंत्र हातात घेण्याआधीच्या कामाला जास्त जागा दिली आहे.

ही पद्धत आजची नाही. फ्रान्समध्ये फ्रांस्वा ड्युरे यांनी १९७० च्या दशकातच दाताचे माप प्रकाशाने घेण्याची कल्पना मांडली. झुरिक विद्यापीठात वेर्नर मोरमान आणि मार्को ब्रांडेस्टिनी यांच्या यंत्रावर १९८५ मध्ये रुग्ण खुर्चीत असतानाच सिरॅमिकचा इनले (दाताच्या खड्ड्यात बसणारा भराव) कोरून बसवला गेला. त्या काळी दातांवर टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी पावडर मारावी लागे. आजच्या बहुतेक स्कॅनरना ती लागत नाही, पण दात कोरडा, स्वच्छ आणि कॅमेऱ्याच्या नजरेच्या रेषेत असला पाहिजे ही अट तशीच आहे.

पुढचे टप्पे एका दाढेवरचा क्राउन डोळ्यांसमोर ठेवून सांगितले आहेत. प्रिंटिंग आणि इम्प्लांटमध्ये जे वेगळे आहे ते नंतर स्वतंत्रपणे येईल.

प्रेपरेशन (दात घासणे) करतानाच बरचा विचार

मिलिंग मशीनमधल्या शेवटच्या बारीक कामाच्या बरचे टोक साधारण ०.६ ते १ मिमी जाडीचे असते. क्राउनच्या आतल्या बाजूला यापेक्षा बारीक कोपरा ते टोक करू शकत नाही. घासलेल्या दाताची कड धारदार असेल, तर ती सामावून घेण्यासाठी सॉफ्टवेअर त्या जागी आतून जास्तीचे मटेरियल काढते. मग क्राउन बसतो खरा, पण त्या ठिकाणी सिमेंटचा जाड थर राहतो आणि सिरॅमिक पातळ होते. त्यामुळे चावण्याच्या पृष्ठभागाच्या कडा, बाजूच्या भिंतींचे कोपरे, सगळे शेवटी बारीक डायमंडने किंवा डिस्कने गोल करून घ्यावे. पुढच्या दातांची कड १ मिमीपेक्षा बारीक ठेवू नये.

जागा मटेरियलप्रमाणे बदलते. लिथियम डायसिलिकेट या काचेसारख्या सिरॅमिकसाठी दाढेवर चावण्याच्या बाजूला साधारण १.५ मिमी आणि मार्जिनपाशी १ मिमी लागते. ताकदवान झिरकोनिया सिरॅमिकला त्यापेक्षा कमी पुरते, तरी रंग आणि आकार चांगला हवा असेल तर वर १ ते १.५ मिमी द्यावी. समोरासमोरच्या भिंतींचा मिळून उतार १० ते १६ अंशांच्या आसपास असावा. दाढेवर भिंतीची उंची ४ मिमी मिळावी, पुढच्या दातांवर ३ मिमी पुरते. मार्जिन गोल शोल्डर (पायरीसारखी कड) किंवा ठळक चॅम्फर (गोलसर उतरती कड) असावे. सुरीच्या पात्यासारखे पातळ मार्जिन स्कॅनमध्ये हिरडीपासून वेगळे ओळखता येत नाही आणि कच्चा झिरकोनिया कोरताना तिथेच तुकडे उडतात. चॅम्फर बरचा अर्ध्यापेक्षा जास्त भाग दातात गेला की बाहेरच्या बाजूला उभे ओठ तयार होतात, तेही काढून टाकावेत.

चावण्याच्या बाजूची जागा डोळ्यांनी ठरवू नये. बहुतेक स्कॅनर समोरच्या दातापर्यंतचे अंतर रंगात दाखवतात. दात घासून झाल्यावर एक झटपट स्कॅन करून ते पाहिले, तर कमी पडलेली जागा भूल उतरायच्या आधीच दुरुस्त होते. डिजिटल पद्धतीचा हा सर्वांत दुर्लक्षित फायदा आहे असे आम्हाला वाटते.

हिरडी बाजूला करणे: इथे घाई नको

मार्जिनच्या पलीकडे न घासलेल्या दाताची अर्धा मिमी तरी पट्टी चारही बाजूंनी दिसायला हवी. ती दिसली तरच डिझाइन करणाऱ्याला मार्जिन कुठे संपते आणि मूळ कुठे सुरू होते ते कळते, आणि क्राउनचा हिरडीतून वर येणारा आकार त्याच रेषेत ठेवता येतो.

मार्जिन हिरडीच्या वर किंवा बरोबरीने असेल तर एक कॉर्ड (हिरडी बाजूला सारणारा दोरा) किंवा ॲल्युमिनियम क्लोराइडची पेस्ट पुरते. हिरडीखाली असेल तर दोन कॉर्ड वापराव्यात. आधी ०००सारखी बारीक कॉर्ड तळाशी बसवावी, तिचे टोक कुठेही वर येऊ देऊ नये. तिच्यावर ० किंवा १ नंबरची कॉर्ड ॲल्युमिनियम क्लोराइडमध्ये भिजवून ठेवावी. पाच ते दहा मिनिटे थांबावे. वरची कॉर्ड काढण्याआधी पाण्याने ओली करावी, कारण कोरडी ओढली की हिरडीचे अस्तर सोलून निघते आणि रक्त सुरू होते. खालची कॉर्ड स्कॅन होईपर्यंत तशीच राहते. ती मार्जिनपर्यंत वर आलेली असेल तर स्कॅनमध्ये तिचेच मार्जिन दिसते आणि लॅब तिच्यावरूनच रेषा ओढते. ही चूक वाटते त्यापेक्षा जास्त वेळा होते.

फेरिक सल्फेट रक्त लवकर थांबवते, पण त्याच्या काळपट गाठी मार्जिनला चिकटून राहतात. वापरल्यास भरपूर पाण्याने आणि ब्रशने धुवावे. हिरडी सुजलेली असेल, टेम्पररी क्राउनच्या कडा खडबडीत असल्याने सतत रक्त येत असेल, तर त्या दिवशी स्कॅन करू नये. टेम्पररी नीट करावा, आठवड्याने बोलवावे. रक्तातून स्कॅन करण्याची कुठलीही युक्ती नाही.

स्कॅनरची तयारी

स्कॅनर सुरू करून टोक गरम होऊ द्यावे. थंड आरशावर रुग्णाच्या श्वासाची वाफ धरते आणि चित्र धूसर होते. कॅलिब्रेशन कंपनीने सांगितलेल्या अंतराने करावे. शिवाय यंत्र एका खोलीतून दुसरीकडे नेले, आपटले, किंवा खोलीच्या तापमानात मोठा फरक पडला तर पुन्हा करावे. टोकाचा आरसा प्रत्येक वेळी उजेडात तिरका धरून पाहावा. ऑटोक्लेव्हच्या (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या) फेऱ्यांनी त्यावर डाग पडतात. प्रत्येक टोकाला ठरावीक फेऱ्यांची मर्यादा असते आणि ती मोजण्यासाठी टोकावर खूण करून ठेवलेली बरी. खुर्चीचा मोठा दिवा स्कॅनच्या वेळी बंद करावा किंवा तोंडापासून वळवावा, तो स्कॅनरच्या प्रकाशात मिसळतो.

तोंडात गाल-ओठ मागे धरणारा रिट्रॅक्टर, कॉटन रोल आणि लाळ ओढणारी नळी लावावी. थ्री-वे सिरिंजची (हवा-पाण्याच्या नळीची) हवा सतत न मारता स्कॅनच्या आधी आणि मध्ये थांबून मारावी. लाळेचा पातळ थर स्कॅनरला दाताचाच पृष्ठभाग वाटतो, आणि खाचांमध्ये साचलेली लाळ त्या खाचा भरून टाकते. उलट दात फार सुकवला तर तो ठणकतो, म्हणून भूल असतानाच स्कॅन उरकावा.

स्कॅनचा मार्ग

स्कॅनर एकच मोठे चित्र घेत नाही. तो सेकंदाला अनेक छोटी चित्रे घेतो आणि एकमेकांवर येणाऱ्या भागांवरून ती जोडत जातो. प्रत्येक जोडणीत सूक्ष्म चूक असते. एक-दोन दातांच्या अंतरात ती नगण्य राहते, पण एका बाजूच्या शेवटच्या दाढेपासून दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या दाढेपर्यंत ती साचत जाते. हात कसा फिरवायचा, हे सगळे या एका कारणावरून ठरते.

१. जमल्यास दात घासण्याआधीच दोन्ही जबडे आणि चावा स्कॅन करावा. मूळ दाताचा आकार डिझाइनला उपयोगी पडतो. नंतर फाइलमधला तेवढा दात कापून फक्त प्रेपरेशनचा भाग नव्याने भरता येतो, आणि कॉर्ड काढल्यावरचा मौल्यवान मिनिट वाचतो.

२. वरची कॉर्ड काढल्याबरोबर आधी घासलेला दात आणि त्याचे मार्जिन घ्यावे, हिरडी परत जवळ यायला वेळ लागत नाही. शेजारच्या दाढेच्या चावण्याच्या पृष्ठभागावर टोक क्षणभर स्थिर धरावे, ओळख पटली की घासलेल्या दातावर सरकावे.

३. पूर्ण जबड्याच्या स्कॅनमध्ये शेवटच्या दाढेपासून चावण्याच्या पृष्ठभागांवरून सलग पुढे जावे. खालच्या जबड्यात मग जिभेकडची बाजू आणि शेवटी गालाकडची. वरच्या जबड्यात गालाकडून आणि मग टाळूकडून. आपल्या स्कॅनरच्या कंपनीने वेगळा क्रम सांगितला असेल तर तोच पाळावा, कारण जोडणीचे सॉफ्टवेअर त्या क्रमासाठी बनवलेले असते.

४. पुढच्या दातांवर वेग कमी करावा. त्यांची कड पातळ असल्याने ओळखीच्या खुणा कमी मिळतात. सुळ्यापासून सुळ्यापर्यंत टोक ओठाकडून जिभेकडे हलके झुलवत न्यावे, म्हणजे दोन्ही बाजू एकमेकींशी घट्ट जोडल्या जातात.

५. मध्येच स्कॅन तुटला तर जिथे तुटला तिथून ओढाताण करू नये. आधी घेतलेल्या एखाद्या दाढेच्या खोल खाचांवर परत यावे आणि ओळख पटल्यावरच पुढे जावे.

६. शेजारच्या दातांच्या घासलेल्या दाताकडे तोंड केलेल्या बाजू पूर्ण घ्याव्यात. त्यासाठी टोक पुढे-मागे तिरके करावे लागते. तिथे भोक राहिले तर सॉफ्टवेअर ते अंदाजाने बुजवते, आणि त्या अंदाजावर बांधलेला संपर्क एक तर घट्ट येतो किंवा त्यात फट राहते.

चकचकीत धातूचे क्राउन आणि नुकतेच पॉलिश केलेले अमलगम (चांदीचे भराव) प्रकाश सरळ परतवतात, त्यामुळे त्या जागी खड्डे किंवा काटे दिसतात. टोकाचा कोन बदलून पाहावे, नाहीतर तेवढ्या भागावर स्कॅनिंग स्प्रेचा अगदी पातळ थर द्यावा.

समाधानासाठी एकाच जागेवरून पुन्हा पुन्हा टोक फिरवू नये. प्रत्येक फेरीत थोडे वेगळे बिंदू जमा होतात, त्यांची सरासरी काढताना मार्जिनची धार बोथट होते. भाग वाईट आला असेल तर तो कापून टाकावा, दात पुन्हा कोरडा करावा आणि एकदाच नीट घ्यावा.

चाव्याची नोंद

जबडे उत्तम स्कॅन होऊनही क्राउन उंच येतो, त्याचे कारण बहुधा इथेच असते. भूल दिलेला, बराच वेळ तोंड उघडून थकलेला रुग्ण नेहमीच्या जागी चावत नाही. आधी दोन-चार वेळा उघडझाप करायला लावून शेवटच्या दाढांवर दात आवळायला सांगावे. स्कॅनरचे टोक गालात घातल्यावर रुग्ण जबडा बाजूला नेत नाही ना, हे दुसऱ्या बाजूला पाहून खात्री करावी. पूर्ण जबड्यांसाठी दोन्ही बाजूंचा चावा घ्यावा.

मग तोंडातले आणि पडद्यावरचे संपर्क जुळवून पाहावेत. ८ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) शिमस्टॉक पट्टी ज्या दातांमध्ये घट्ट धरली जाते, त्या दातांवर सॉफ्टवेअरच्या रंगीत नकाशातही संपर्क दिसला पाहिजे. तोंडात धरते पण नकाशात फट, किंवा नकाशात दात एकमेकांत घुसलेले दिसतात, तर चावा पुन्हा घ्यावा. हे दोन मिनिटांचे काम आहे. ते टाळले तर क्राउन बसवताना अर्धा तास घासत बसावे लागते.

फाइल पाठवण्याआधी

स्कॅनचे रंग बंद करून फक्त करड्या पृष्ठभागावर मार्जिन पाहावे. रंगीत चित्र डोळ्यांना फसवते. त्यात सुंदर दिसणारी रेषा करड्या पृष्ठभागावर गोल उतार निघते. मग रंग चालू करून तीच जागा पुन्हा पाहावी. काही सॉफ्टवेअर गाल-जीभ आपोआप कापताना हिरडीचा किंवा मार्जिनचा तुकडाही कापतात, तोही तपासावा.

मार्जिनची रेषा शक्यतो दात घासणाऱ्यानेच आखावी. तोंडात काय होते हे त्यालाच ठाऊक असते. एसटीएल फाइलमध्ये फक्त आकार असतो, रंग नसतो आणि मोजमापाचे एककही नसते. पीएलवाय किंवा ओबीजे फाइलमध्ये रंग राहतो, आणि दात-हिरडीची सीमा ओळखायला रंगाची मोठी मदत होते. सोबत दाताचा शेड (रंगछटा), घासलेल्या बुंध्याचा शेड, मटेरियल आणि चाव्याबद्दलची सूचना स्पष्ट लिहावी.

डिझाइनमधले आकडे

घालण्याची दिशा आधी ठरवावी. चुकीच्या दिशेत कुठेतरी अंडरकट (आत वळलेला, क्राउन अडवणारा भाग) दिसतो आणि सॉफ्टवेअर तो भरून घेते, म्हणजे त्या बाजूची पकड जाते. शेजारचे दात झुकलेले असतील तर त्यांच्या संपर्काचाही याच वेळी विचार हवा.

सिमेंटची जागा आतून साधारण ५० ते ८० मायक्रॉन ठेवतात आणि मार्जिनपासून सुमारे १ मिमीच्या पट्ट्यात ती बरीच कमी करतात. प्रत्येक मशीन, बर आणि मटेरियलच्या जोडीला थोडे वेगळे आकडे लागतात. नवी जोडी वापरण्याआधी एकाच फाइलचे तीन क्राउन वेगवेगळ्या गॅपने (सिमेंटच्या जागेने) कोरून मॉडेलवर बसवून पाहावेत आणि जो नीट बसेल तो आकडा लिहून ठेवावा. दुसऱ्या लॅबचे आकडे उसने घेऊन उपयोग नाही. मॅक्लीन आणि फॉन फ्राउनहोफर यांनी १९७१ मध्ये मार्जिनच्या फटीसाठी सुचवलेली १२० मायक्रॉनची मर्यादा आजही बहुतेक जण हिशेबात धरतात, पण ती गाठायची सीमा नव्हे, ओलांडायची नाही अशी सीमा आहे.

मार्जिनची कड अगदी शून्यावर आणू नये. कच्च्या झिरकोनियासाठी ०.१ ते ०.२ मिमी जाड ठेवून भट्टीनंतर हाताने पातळ करावी.

ब्रिजमध्ये (गेलेल्या दाताची जागा भरणाऱ्या, एकत्र जोडलेल्या क्राउनमध्ये) दोन दातांना जोडणारा भाग सर्वांत नाजूक. दाढेच्या तीन युनिटच्या झिरकोनिया ब्रिजला त्याचे क्षेत्रफळ निदान ९ चौरस मिमी धरतात. त्यात उंचीला महत्त्व जास्त आहे. चौकोनी तुळईची रुंदी दुप्पट केली तर कडकपणा दुप्पट होतो, उंची दुप्पट केली तर आठपट. म्हणून जोड आडवा फुगवण्याऐवजी उभा वाढवावा, हिरडीच्या कोपऱ्यात ब्रश जाण्याइतकी जागा सोडून.

मटेरियल आणि मिलिंग

झिरकोनिया एकच नसतो. ३वाय प्रकाराची (आकडा त्यात मिसळलेल्या इट्रियाच्या प्रमाणाचा) वाकण्याविरुद्धची ताकद १,००० मेगापास्कलच्या पुढे जाते, पण तो अपारदर्शक असतो. ५वाय जास्त पारदर्शक असतो आणि त्याची ताकद साधारण ५०० ते ७०० च्या घरात उतरते. लांब ब्रिज ५वायमध्ये करणे ही चूक आहे, दिसायला कितीही छान असो. थरांच्या डिस्कमध्ये वरच्या आणि खालच्या थराची ताकदही वेगळी असू शकते, तेव्हा ब्रिजचा जोड कोणत्या थरात येतो ते पाहून डिस्कमध्ये काम बसवावे.

झिरकोनियाची ९८ मिमी व्यासाची डिस्क खडूसारख्या अवस्थेत, कोरडी कोरली जाते. भट्टीत ती लांबीत सुमारे २० टक्के आकसते, म्हणून काम आधी मोठे कोरावे लागते. डिस्कवर छापलेला १.२५ सारखा गुणक त्याच बॅचचा असतो. मागच्या डिस्कचा गुणक तसाच राहू दिला तर त्या डिस्कमधला प्रत्येक क्राउन सैल किंवा घट्ट येतो. सगळी कामे एकाच दिशेने चुकलेली दिसली की आधी हा आकडा तपासावा.

कोरून झाल्यावर आधाराच्या काड्या कमी वेगावर बारीक बरने कापाव्यात, हाताने मोडू नयेत. आतली पूड मऊ ब्रशने पूर्ण झटकावी. राहिलेले कण भट्टीत कायमचे चिकटतात आणि क्राउन बसत नाही. रंगाचे द्रव लावले असेल किंवा पाण्यात कोरले असेल तर दिव्याखाली पूर्ण वाळवून मगच भट्टीत ठेवावे. ओलावा राहिला तर वाफेने तडे जातात.

लिथियम डायसिलिकेटचा ब्लॉक निळसर-जांभळा असतो आणि त्या अवस्थेत त्याची ताकद कमी असते. तो पाण्याच्या धारेखाली डायमंडने घासला जातो, नंतर ८४० ते ८५० अंश सेल्सियसला त्याचे स्फटिक तयार होऊन रंग आणि ताकद येते. त्याचे आकसणे नगण्य असते. झिजलेला बर इथे लगेच चुगली करतो: मार्जिनवर बारीक तुकडे उडालेले दिसतात. बरचे तास मशीन मोजते, तरी भिंगाखाली बर पाहण्याची सवय ठेवावी.

भट्टी

झिरकोनियाला साधारण १,४५० ते १,५५० अंश तापमान लागते आणि नेहमीचे चक्र सात-आठ तासांचे असते. जलद चक्र डिस्कच्या कंपनीने मान्य केले असेल तरच वापरावे. जाड पॉन्टिक (ब्रिजमधला खोटा दात) असलेल्या ब्रिजला तापवणे आणि थंड करणे दोन्ही हळू हवे. लांब ब्रिजचा आधाराचा भाग भट्टीनंतरच कापावा, नाहीतर ब्रिज स्वतःच्या वजनाने वाकतो. मॉलिब्डेनम डायसिलिसाइडचे हीटर असलेल्या भट्टीत काही काळाने कामावर पिवळट-हिरवट छटा येऊ लागते. तेव्हा कंपनीने सांगितलेले शुद्धीकरणाचे चक्र चालवावे. तापमान दाखवते तेवढेच आहे की नाही, हे तपासणीच्या रिंगांनी मधून मधून पाहावे. भट्टी कमी तापत असेल तर काम खडूसारखे पांढरट राहते.

प्रिंटिंग

मॉडेल, स्प्लिंट (दातांवर घालायचे कवच), सर्जिकल गाइड (इम्प्लांटच्या शस्त्रक्रियेत ड्रिलला दिशा देणारा साचा) आणि टेम्पररी क्राउन रेझिनमध्ये प्रिंट होतात. यंत्रे बहुधा ३८५ किंवा ४०५ नॅनोमीटर प्रकाशाची असतात. रेझिन त्याच तरंगलांबीचे हवे. अभ्यासाच्या मॉडेलला १०० मायक्रॉनचा थर चालतो, क्राउन तपासायच्या मॉडेलला ५० घ्यावा.

रेझिनची बाटली आधी चांगली हलवावी, रंगद्रव्य तळाशी बसते. टाकीत आदल्या प्रिंटचा कडक तुकडा राहिला असेल तर तो पुढच्या वेळी प्लेटखाली दाबला जाऊन फिल्म फोडतो, म्हणून रेझिन गाळून घ्यावे. पोकळ मॉडेलची भिंत निदान २ मिमी ठेवावी आणि खाली निचऱ्याचे भोक द्यावे. अडकलेले रेझिन नंतर मॉडेल वाकवते. पहिले थर जास्त प्रकाश देऊन प्लेटला चिकटवलेले असतात, त्यामुळे तळ थोडा पसरतो. मोजमाप महत्त्वाचे असलेला भाग प्लेटला टेकलेला नसावा.

धुण्यात घाई आणि अति दोन्ही वाईट. आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या पहिल्या भांड्यात सुमारे तीन मिनिटे, स्वच्छ अल्कोहोलच्या दुसऱ्या भांड्यात दोन. जास्त वेळ ठेवले तर रेझिन अल्कोहोल शोषून फुगते आणि नंतर बारीक तडे दिसतात. पूर्ण वाळू द्यावे, मगच क्युअरिंगच्या (प्रकाशाने पूर्ण कडक करण्याच्या) यंत्रात ठेवावे. स्प्लिंट आणि गाइड आधारासकट क्युअर केले तर वाकत नाहीत. क्युअरिंगची वेळ आणि यंत्र रेझिनच्या कंपनीने सांगितलेलेच हवे, कारण तोंडात वापरण्याची सुरक्षितता त्या रेझिन, प्रिंटर आणि क्युअरिंगच्या जोडीवर तपासलेली असते. अर्धवट क्युअर झालेले रेझिन तोंडात द्रव्ये सोडते. कच्च्या रेझिनला नायट्राइल हातमोजे घालूनच हात लावावा. ॲक्रिलेटची ॲलर्जी एकदा जडली की आयुष्यभर राहते.

सर्जिकल गाइड निर्जंतुक करण्याआधी रुग्णाच्या दातांवर ठेवून खिडक्यांमधून दात पूर्ण टेकलेला दिसतो का ते पाहावे. डुलणारा गाइड शस्त्रक्रियेच्या वेळी दाबून धरू नये. तो नव्याने बनवावा.

इम्प्लांट आणि पूर्ण जबडा

हीलिंग ॲबटमेंट (इम्प्लांटवरची तात्पुरती टोपी) काढल्याबरोबर आधी हिरडीतली पोकळी स्कॅन करावी, ती काही मिनिटांत आकसते. मग स्कॅन बॉडी (इम्प्लांटची जागा आणि दिशा स्कॅनरला दाखवणारा खुंट) बसवावी. ती पूर्ण टेकली की नाही हे एक्स-रेने पाहावे, कारण अर्धा मिमी वर राहिलेली बॉडीही पडद्यावर अगदी नीट दिसते. सांगितलेल्यापेक्षा जास्त टॉर्क दिला तर पीक या प्लॅस्टिकची बॉडी दबते. तिचा सपाट भाग कॅमेऱ्याला सहज दिसेल असा वळवावा. लॅबमधली लायब्ररी (सॉफ्टवेअरमधला भागांच्या आकारांचा संच) त्याच कंपनीची, त्याच प्लॅटफॉर्मची आणि त्याच स्कॅन बॉडीची हवी.

दात नसलेल्या जबड्यात चार-सहा इम्प्लांट असतील तर मधल्या गुळगुळीत, हलणाऱ्या हिरडीवर स्कॅनरला पकड मिळत नाही आणि जोडणीची चूक साचते. अशा कामासाठी फोटोग्रामेट्री (फोटोंवरून मोजमाप) वापरावी, किंवा स्कॅनवरून बनवलेली जिग (इम्प्लांटची जागा पक्की करणारा सांगाडा) तोंडात वेगळ्या तुकड्यांत बसवून जोडावी आणि फ्रेमवर्क तिच्यावर तपासावे. एका टोकाचा स्क्रू घट्ट केल्यावर दुसऱ्या टोकाला फ्रेम उचलली तर ती बसवू नये.

बसवणे

टेम्पररी सिमेंट पूर्ण काढून आधी संपर्क तपासावेत, मग मार्जिन, मग चावा. संपर्क घट्ट असताना मार्जिन तपासण्यात अर्थ नाही. चावा तपासताना लिथियम डायसिलिकेटच्या न चिकटवलेल्या क्राउनवर जोराने चावू देऊ नये. घासावे लागले तर बारीक डायमंडने, पाण्याखाली, हलक्या हाताने, आणि तो भाग आरशासारखा पॉलिश करावा. खडबडीत झिरकोनिया समोरचा दात झिजवतो.

झिरकोनियाला लाळ लागली की तिच्यातले फॉस्फेट पृष्ठभागाला धरून बसते. फॉस्फोरिक ॲसिडने साफ करू नये, त्याने तेच आणखी वाढते. साफ करणारी खास पेस्ट वापरावी किंवा ५० मायक्रॉन ॲल्युमिनाने १ ते २ बार दाबावर आतून हलके ब्लास्ट करावे, मग एमडीपी (झिरकोनियाला धरणारे रसायन) असलेला प्रायमर. लिथियम डायसिलिकेटला ५ टक्के हायड्रोफ्लोरिक ॲसिड २० सेकंद, भरपूर पाणी, मग सिलेन (सिरॅमिक आणि सिमेंट जोडणारे द्रव) ६० सेकंद.

बिघाडावरून कारण शोधताना

क्राउन अजिबात खाली जात नाही आणि संपर्क मोकळे आहेत: आतून फिट-चेक पेस्ट लावून पाहावे. एकाच ठिपक्यावर अडत असेल तर चिकटलेली पूड, स्कॅनमधला काटा किंवा धारदार कड. सगळीकडून सारखे अडत असेल तर गॅप किंवा आकसण्याचा गुणक.

एकाच बाजूचे मार्जिन उघडे, बाकी उत्तम: जवळजवळ नेहमीच त्या बाजूचा स्कॅन. फाइल पुन्हा उघडून ती जागा करड्या पृष्ठभागावर पाहावी. तिथे कॉर्ड किंवा हिरडी मार्जिन म्हणून धरलेली सापडते.

मार्जिन सगळीकडून आखूड: आखलेली रेषा आत पडली आहे, किंवा भट्टीनंतर कड पातळ करताना जास्त गेली.

मॉडेलवर बसतो, तोंडात नाही: मॉडेलचे प्रिंट खोटे आहे, किंवा स्कॅन आणि बसवणे यांच्या मधल्या काळात शेजारचा दात सरकला. टेम्पररीला संपर्क नसेल तर दुसरे कारण आधी धरावे.

फक्त उंच, बाकी सगळे ठीक: चाव्याची नोंद. एकाच क्लिनिकची बरीच कामे सारखीच उंच येत असतील तर डिझाइनमधला चाव्याचा आकडा एकदाच थोडा खाली आणावा. क्राउन एकेक घासत बसू नये.

संपर्क एका बाजूला घट्ट, दुसऱ्या बाजूला फट: घालण्याची दिशा किंवा शेजारच्या दाताचे अर्धवट स्कॅन. दोन्ही बाजूंना फट असेल तर डिझाइनमधला संपर्काचा आकडा त्या मशीनसाठी पुन्हा बसवावा आणि पुढच्या दोन-तीन कामांवर डेंटल फ्लॉसने पडताळून पाहावा.